वहीत नाव कोणाचं घालायचं?

पत्र :

ताई, मी लालबागचा, वय ४६. धाकटा भाऊ ४२ वर्षांचा, लग्नानंतर डोंबिवलीला गेला. आम्ही दोघं याच खोलीत वाढलो. शाळेत असताना आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची एक वही सुरू केली. पहिल्या पानावर स्केचपेनने 'हॉल ऑफ फेम' लिहिलंय. दर गणपतीत दोघांनी बसून एक-दोन नावं वाढवायची, असा शिरस्ता. यंदा भावाने क्रिस बेन्वाचं नाव सुचवलं. मी म्हटलं, बायकोचा आणि पोराचा खून करणाऱ्याचं नाव माझ्या घरातल्या वहीत येणार नाही. तो म्हणाला, वही दोघांची आहे, आणि ज्या खलीला धड कुस्ती येत नाही त्याला तू घेतलास तेव्हा मी काही बोललो का? शब्दाने शब्द वाढला. वडील (वय ८०, गिरणीत होते) मधे पडले ते म्हणाले, दारासिंग नाही ती वही कसली! माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला रोमन रेन्स हवा. भाऊ वाढलेल्या पानावरून उठून गेला, तेव्हापासून बोलणं बंद. बायको म्हणते, सगळं आधी ठरलेलं, नुरा कुस्ती, त्यात मोठं कोण हे ठरवता कसं? मला उत्तर देता आलं नाही. नावं कशी ठरवायची? बेन्वाचं काय करायचं? चूक भावाची असताना फोन मी का करावा? आणि तुमचं स्वतःचं मत कोणाला?

– एक वाचक, लालबाग

उत्तर :

दादा, फोनचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांना दोन माणसं लागतात आणि सध्या तुम्ही एकटे आहात. फोन तुम्ही करा. तुम्हीच लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा, "माझ्या घरातल्या वहीत येणार नाही." तुमच्या डोक्यात तेव्हा बेन्वा होता, भावाच्या कानावर 'माझं घर' पडलं. ज्या खोलीत तो वाढला, जिथल्या गणपतीला तो दरवर्षी डोंबिवलीहून येतो, ते घर आता दादाचं झालं, हे त्याला ऐन सणात, वडिलांसमोर आणि पुतण्यासमोर ऐकावं लागलं. चाळीतून उपनगरात राहायला गेलेल्या कितीतरी धाकट्या भावांच्या मनात ही सल आधीपासून असते, फक्त कुणी बोलत नाही. माझी खात्री आहे की तो पानावरून उठला तो या शब्दापायी. म्हणून फोनवर कुस्तीचा विषय काढूच नका. "घर आपलं आहे, मी तसं बोलायला नको होतं," एवढं म्हणा आणि पुढच्या रविवारी जेवायला बोलवा. बेन्वाबद्दलचं मत बदलायची गरज नाही, बदललंय असं दाखवायचीही नाही.

आता वहिनींचा प्रश्न. तो टोमणा म्हणून सोडून देऊ नका, सगळ्या पत्रात तोच सर्वांत कसदार आहे. निकाल आधी ठरतो हे खरं. बेल्ट कोणाच्या कमरेला जाणार हे प्रमोटर ठरवतो. पण लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला यात अडायचं कारण नाही. दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत, आणि घरी जाताना अमक्याचा राक्षस काय रंगला, तमक्याचा राजा पडला, हेच बोलत जातात. कथा ठरलेली, संवाद जागच्या जागी सुचलेले. रिंगमध्ये बरंचसं असंच चालतं. शेवट ठरलेला असतो, मधलं दोघं एकमेकांच्या कानाशी कुजबुजत, लोकांचा कल बघत रचत जातात. तेव्हा वहीत नाव घालताना विचारायचं ते हे, की लोकांना जागेवरून उठवलं कोणी?

शिवाय पडणं खरं असतं. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मिक फोलीला रिंगभोवती उभारलेल्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली फेकलं, तेव्हा उंची सुमारे सोळा फूट होती आणि खाली समालोचकांचं टेबल होतं. ओवेन हार्ट हा पैलवान २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत वरून दोराने रिंगमध्ये उतरताना कोसळला आणि गेला. हे वहिनींना जरूर सांगा. त्यांना कुस्ती आवडायला लागेल असं नाही, पण तुम्ही दोघं इतकी वर्षं कशात जीव गुंतवून बसला आहात ते त्यांना कळेल.

वहिनींच्या प्रश्नातून एक गोष्ट सरळ निघते. निकाल ठरवलेले असतील तर बेल्ट मोजून कोणी मोठा ठरत नाही. तुम्हा भावांच्या वादात हे माप नक्की येत असणार, कारण आपण सगळे ट्रम्प कार्डांवर वाढलो. उंची, वजन, किती लढती, किती जिंकल्या, रँक, आणि ज्याचा आकडा मोठा त्याने पत्ता उचलायचा. वहीसाठी ते माप टाकून द्या. आंद्रे द जायंटचंच बघा. १९९३ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी कंपनीने (तुमची डब्ल्यूडब्ल्यूएफ, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) हॉल ऑफ फेम सुरू केलं ते त्याच्या एकट्याच्या नावाने. कंपनीचा मुख्य बेल्ट त्याच्याकडे आयुष्यात एकदाच आला, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आणि दोन मिनिटंही राहिला नाही. त्याने तो तिथेच टेड डिबियासीला देऊन टाकला. रॉडी पायपरला तो बेल्ट कधीच मिळाला नाही, तो २००५ मध्ये हॉलमध्ये गेला. जेक रॉबर्ट्सलाही नाही, तो २०१४ मध्ये गेला. या दोघांनी नुसत्या माइकवर लोकांना जे धरून ठेवलं ते भल्याभल्या चॅम्पियनना जमलं नाही.

'त्याला डब्ल्यूडब्ल्यूईने घेतलंय' हा मुद्दाही बाद करा. त्या हॉलला इमारत नाही, मतदान नाही. रेसलमेनिया या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाच्या आसपास सोहळा होतो आणि नावं कंपनी ठरवते. ब्रूनो सॅमार्टिनो १९६३ ते १९७१ असा सलग साडेसात वर्षांहून अधिक काळ चॅम्पियन होता, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्याच्या नावावर भरायचं. त्याचं नाव त्या हॉलमध्ये लागलं २०१३ मध्ये! कारण स्टेरॉइड आणि ड्रग्जवरून तो कंपनीविरुद्ध उघड बोलायचा आणि बोलावणं नाकारायचा. डोनाल्ड ट्रम्प सेलिब्रिटी म्हणून आत गेले तेही त्याच वर्षी. रँडी सॅव्हेज २०११ मध्ये वारला आणि २०१५ मध्ये हॉलमध्ये आला, जिवंतपणी त्याला ते व्यासपीठ मिळालं नाही. मला याचा आजही राग येतो. कोणाचं कंपनीशी पटतं आणि कोणाचं नाही, हे त्या यादीवरून चांगलं कळतं. थोर कोण ते मात्र दुसरीकडे शोधावं लागतं.

तुम्हाला उपयोगी पडेल तो दुसरा हॉल. डेव्ह मेल्ट्झर यांच्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्राने तो १९९६ मध्ये सुरू केला. तिथे पैलवान, पत्रकार आणि इतिहासाचे अभ्यासक मत देतात, आणि आत जायला साठ टक्के मतं लागतात. बघायचं काय, तर माणसाने गर्दी किती खेचली, रिंगमधलं काम कसं होतं, आणि त्याच्यामुळे या धंद्याच्या इतिहासात काही बदललं का. वयाची पस्तिशी आणि पदार्पणानंतर दहा वर्षं झालेली असावीत, किंवा वय कमी असलं तर पंधरा वर्षांचा अनुभव असावा, अशीही अट आहे. मला ही पद्धत आवडते, कारण ती माणसाला आपल्या लाडक्या पैलवानाकडे तीन बाजूंनी बघायला लावते. गर्दीचे आकडे मात्र डोळे मिटून घेऊ नका. १९८७ च्या रेसलमेनियाला, हल्क होगनने आंद्रेला उचलून आपटलं तेव्हा, ९३,१७३ लोक होते असं कंपनी सांगते, आणि त्या आकड्यावर अजून वाद चालू आहे.

घरी याचं असं करा. तुम्ही दोघं, वडील आणि मुलगा मिळून चार मतं. साठ टक्के म्हणजे चौघांत तीन. यामुळे दोन गोष्टी होतील. तुमच्यापैकी कोणी एक हट्टाने नाव घुसवू शकणार नाही, आणि तुम्ही दोघं भाऊ एक झालात तरी वडिलांना किंवा नातवाला पटवावंच लागेल. वहिनींना यायचं असेल तर पाचवं मत त्यांचं, तेव्हाही तीनच लागतील. चिठ्ठ्या घाला, हात वर करून मतं घेऊ नका, नाहीतर पोरगं आजोबांकडे बघून हात वर करेल. आणि एक अट माझ्याकडून. जो नाव आणेल त्यानेच त्या नावाविरुद्धचा सर्वांत जड मुद्दाही स्वतःच्या तोंडाने सांगायचा. भांडण निम्मं तिथेच ओसरतं.

ही अट खलीला लावून बघू, कारण तिथे भावाचं म्हणणं मला पटतं. दिलीपसिंग राणा हिमाचलमधल्या धिरैना गावचा, पंजाब पोलिसातला माणूस. २००७ मध्ये त्याने वर्ल्ड हेवीवेट बेल्ट जिंकला, २०२१ मध्ये कंपनीच्या हॉलमध्ये गेला, जालंधरला त्याने कुस्तीची शाळा काढली. भारतात त्याच्यामुळे टीव्हीसमोर बसलेली माणसं मोजता यायची नाहीत. पण रिंगमधलं काम? सामना चार मिनिटांच्या पुढे गेला की तुम्हालाही अवघडल्यासारखं व्हायचं, खरं सांगा. आपला माणूस म्हणून तुम्ही त्याला घेतलंत. ती भावना चांगली आहे, पण मग ती रांग खलीपासून सुरू होत नाही.

ती दारासिंगांपासून सुरू होते. वडील बरोबर आहेत, आणि ही चूक वहीत सगळ्यात आधी दुरुस्त करा. १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डियंकोला हरवून ते कॉमनवेल्थ चॅम्पियन झाले. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी लू थेझला हरवलं. थेझ म्हणजे त्या काळचा या धंद्यातला सर्वांत मानाचा माणूस. तुमचे वडील तेव्हा विशीत होते. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवरच्या फ्रीस्टाईल कुस्त्या त्यांच्या पिढीने पाहिल्या, त्यांना विचारा. विरुद्धचा मुद्दा हा की तेव्हा थेझ ५२ वर्षांचा होता, आणि 'जागतिक' म्हणवणारे बेल्ट त्या काळी एकापेक्षा जास्त होते. हेही वडिलांसमोर बोला, ते चिडले तरी बोला. तरीसुद्धा गर्दी आणि इतिहास या दोन मापांवर दारासिंगांच्या जवळपास आपल्याकडे कोणी नाही. आजही अंगापिंडाने दांडग्या पोराला आपण "दारासिंग आहेस का" म्हणतो, यात सगळं आलं. कंपनीने त्यांना २०१८ मध्ये लेगसी विभागात घेतलं, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. त्या विभागात पडद्यावर नाव आणि चित्र येतं, मंचावर उभं राहून कोणी दोन शब्द बोलत नाही. तुमच्या घरी बोलणारा माणूस बसलेला आहे. दारासिंगांचं नाव घालाल त्या दिवशी वडिलांना बोलायला लावा आणि मुलाला फोनवर ते रेकॉर्ड करू द्या.

ओघात एक सांगते. वडील मग खाशाबा जाधवांचं नाव काढतील, खंचनाळे, मारुती माने यांचं काढतील. त्यांना या वहीत घेऊ नका. हेलसिंकीचं १९५२ चं कांस्यपदक आणि लाल मातीतली हिंद केसरीची गदा खऱ्या झुंजीत मिळवलेली आहे, तिचं माप वेगळं. त्यांच्यासाठी वेगळी वही करा.

आता बेन्वा. इथे मला घाई करायची नाही. भावाची बाजू तुमच्या पत्रात नीट आलेली नाही, म्हणून आधी ती मांडते. १४ मार्च २००४, रेसलमेनियाचं विसावं वर्ष, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जपान, मेक्सिको, युरोप करत जवळजवळ दोन दशकं राबलेला, बेताच्या उंचीचा, बोलण्यात फार न चमकणारा एक माणूस ट्रिपल एचला हात आपटून हार मानायला लावतो आणि बेल्ट छातीशी धरून रडतो. तुमचा भाऊ तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा असणार. ज्या वयात नोकरी मिळेल की नाही हे माहीत नसतं, त्या वयात त्याने हे पाहिलं की गाजावाजा न करता काम करणाऱ्यालाही एक दिवस मिळतो. तो बेन्वाचं नाव घेतो तेव्हा त्याला ती रात्र सोडायची नसते. हे समजून घ्या.

आणि मग जून २००७. बेन्वाने पत्नीचा आणि सात वर्षांच्या डॅनियलचा खून केला, स्वतःला संपवलं. बातमी आली त्या रात्री कंपनीने पूर्ण कार्यक्रम त्याच्या श्रद्धांजलीला दिला, खरं कळल्यावर दुसऱ्याच दिवसापासून त्याचं नाव पुसायला घेतलं. पुढे त्याचा मेंदू तपासला गेला, आणि वर्षानुवर्षं डोक्यावर बसलेल्या मारामुळे त्याचं फार नुकसान झालं होतं असं संशोधकांनी सांगितलं. भाऊ हे पुढे करेल, आणि ते महत्त्वाचं आहेच. २०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं. ऑब्झर्व्हरच्या हॉलमध्ये बेन्वा २००३ पासून होता. २००८ मध्ये त्याला काढावं का यावर मतदान झालं, निम्म्याहून जास्त मतं काढण्याच्या बाजूने पडली, पण साठ टक्के झाली नाहीत म्हणून तो राहिला. इतकी वर्षं यात मुरलेल्या माणसांनाही हे सुटलेलं नाही, मग तुमच्या घरात त्यावरून आवाज चढले तर नवल नाही.

माझं मत स्पष्ट आहे, नाव घालू नका. नोंद ठेवणं वेगळं, मान देणं वेगळं. बेन्वा कुस्तीगीर म्हणून किती चांगला होता हे इतिहासात राहील, कोणी खोडू म्हणेल तरी खोडलं जाणार नाही. पण तुमची वही मान देते. आजार समजून घेता येतो, त्याची कीव येऊ शकते, मला येतेही. हार मात्र अख्ख्या माणसाच्या गळ्यात पडतो, त्यातला एक सामना वेगळा काढून त्याला घालता येत नाही. आणि तुमच्या पत्रात जी 'बायको' आहे तिचं नाव नॅन्सी होतं. ती याच धंद्यातली, डब्ल्यूसीडब्ल्यू आणि ईसीडब्ल्यू या कुस्तीच्या दुसऱ्या कंपन्यांमध्ये 'वुमन' या नावाने मॅनेजर म्हणून गाजलेली. बेन्वा थोर की नाही यावर इतकी वर्षं जगभर वाद चालतो आणि तिच्या कामाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. हे तुमच्या भावाला शांतपणे सांगा. त्याला हे ठाऊक नसेल, आणि तो समजून घेईल असं मला वाटतं.

त्याच्या त्या रात्रीसाठी मात्र जागा करा. वहीच्या मागच्या बाजूने सामन्यांची यादी सुरू करा. २००४ चा तो सामना तिघांचा होता, ट्रिपल एच आणि शॉन मायकल्सही त्यात होते, त्यामुळे सामन्याची नोंद म्हणजे एकाचा सत्कार होत नाही. भावाला तेवढं पुरेल की नाही सांगता येत नाही. कदाचित नाही पुरणार. तरी तुमच्या बाजूने जागा केली होती हे त्याच्या लक्षात राहील.

तो हल्क होगनचं नाव काढून तुम्हाला अडवेल, तयारी ठेवा. वर्णद्वेषी बोलण्याची टेप बाहेर आल्यावर २०१५ मध्ये कंपनीने होगनला हॉलमधून काढलं आणि २०१८ मध्ये परत घेतलं. मी त्याला वहीत ठेवेन आणि नावाखाली हे लिहून ठेवेन. विखारी बोलणं आणि खून यांत अंतर आहे, आणि होगनशिवाय ऐंशीच्या दशकाची गोष्ट सांगताच येत नाही.

मुलाचा रोमन रेन्स हसण्यावारी नेऊ नका. ऑगस्ट २०२० ते एप्रिल २०२४ सलग १,३१६ दिवस बेल्ट त्याच्याकडे होता. बेल्ट मोजायचे नाहीत हे खरं, पण त्या काळात त्याने खलनायक म्हणून केलेलं काम बघण्यासारखं आहे. ऑब्झर्व्हरच्या वयाच्या अटीतही तो बसतो. पोराला बाजू मांडू द्या.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्या पत्रात एवढी नावं आली, त्यांत बाई एकही नाही. चायना या महिला पैलवानाला कंपनीने २०१९ मध्ये घेतलं, तीही एका गटाचा भाग म्हणून, आणि तोवर तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. पण मी आणखी जवळचं नाव सुचवते, हमीदा बानू. उत्तर प्रदेशातली, अलीगढची पैलवान. मला जो कोणी हरवेल त्याच्याशी लग्न करेन, असं तिने जाहीर केलं होतं. मे १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिनला एका मिनिटाच्या आत हरवलं. आपल्याकडे तिचं स्वागत कसं झालं? कोल्हापुरात एका पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मधे पडावं लागलं. रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली, तेव्हा उत्तर मिळालं की हरकत बाईमाणसाला नाही, तक्रारी प्रमोटरांविरुद्ध आहेत, ते तिच्यासमोर नावापुरते पैलवान उभे करतात.

वहिनींची शंका आणि मोरारजींचं उत्तर एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या काही कुस्त्या ठरवून झाल्या असतील. आपल्या वहीला त्याने काय फरक पडतो? दारासिंगांना आपण तो प्रश्न विचारून बाहेर ठेवत नाही. पन्नासच्या दशकात एक मुसलमान बाई हजारो पुरुषांसमोर पुरुषाशी कुस्ती धरते, दगड अंगावर घेते आणि पुढच्या गावी परत आखाड्यात उतरते. तिसऱ्या मापावर, इतिहासात काय बदललं या मापावर, तिच्याविरुद्ध एवढंच म्हणता येईल की तिच्या मागून लगेच कोणी आलं नाही. तो दोष तिचा नाही. तिचं उत्तरायुष्य कल्याणला गेलं, दुधाचा धंदा करत. म्हणजे तुमच्या भावाच्या घरापासून दोन स्टेशनांवर. हे नाव वहीत त्याला आणू द्या. फोनवर घराचं बोलून झालं आणि त्याचा आवाज निवळला की हळूच सांगा, हमीदा बानूबद्दल वाचून ये, या वेळी नाव तू मांडायचंस.

माझ्या मताबद्दल विचारलंत. दारासिंगांना आणि हमीदा बानूंना तर आहेच. तिसरं मत मी किंग काँगला देते. मूळचा हंगेरीकडचा, सुमारे दोनशे किलोंचा हा माणूस हिंदुस्थानातल्या शहराशहरांत दारासिंगांसमोर उभा राहिला. त्याला बघून लोक चवताळायचे, आणि तो पडला की स्टेडियम डोक्यावर घ्यायचे. समोर एवढा अवाढव्य, एवढा रागाला पात्र माणूस नसता तर दारासिंग दारासिंग झाले असते असं मला वाटत नाही. हरायचं काम इतक्या इमानाने करणाऱ्याला या धंद्यात वरची जागा मिळायला हवी, आणि १९७० मध्ये मोटार अपघातानंतर वारलेल्या या माणसाची आपल्याकडे कोणी आठवणही काढत नाही. वडिलांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं असेल तर आधी त्यांचं ऐका, मग मत घ्या. तीन चिठ्ठ्या पडल्या की नाही ते मला कळवा, आणि वडील विरोधात गेले तर त्यांचं कारणही लिहा.